धुतलेली काच
आमची ताई वेधशाळेत काचेवर टिपलेल्या प्रकाशाच्या रेघा मोजायची. मरत्या ताऱ्यानं उधळलेल्या एका तेजोमेघात तिला नायट्रोजनची रेघ भलतीच ठळक दिसली. "एवढा नायट्रोजन, म्हणजे हा तारा सूर्याहून कितीतरी जड होता," ती म्हणाली. वेधशाळेचे साहेब हसले, "बाई, तुम्ही डाग मोजलात! धुऊन टाका ती काच." तिथं काचा धुणं माझं काम. मी सोड्याच्या पाण्यात ती खरवडून घरी आणली. 'डागवाल्या बाई' हेच नाव घेऊन ताई गेली. आज एक संशोधक मुलगी आली. "आजी, ताईंचं बरोबर होतं! फक्त ती काच द्या, शोध त्यांच्या नावावर लागेल." मी भिंतीवरच्या ताईच्या फोटोकडे बोट दाखवलं. "फोटो नको हो, काच." "तीच बसवलीय त्यावर." तिनं चौकट उजेडात धरली. एकही रेघ उरली नव्हती. कामात मी कधी कुचराई केली नव्हती.