आईची वजाबाकी

सकाळी सहाला दादाचा फोन आला, "विमानात बसलो." आईने तिकीट वाचलं: सुटणार चारला, पोचणार सातला. वजाबाकी करून तिने बाबांच्या कानात सांगितलं, "तीन तासांत लेक दारात!" डॉक्टरांनी रात्रीच हात टेकले होते. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून, कसाबसा श्वास ओढत पडले होते. पावणेनऊला मी तिकीट हातात घेतलं आणि वेळा पुन्हा वाचल्या. सुटण्याची वेळ दादाच्या शहरातली होती, पोचण्याची आपल्या शहरातली: संध्याकाळचे सात. अकरा हजार किलोमीटर, तेरा तास! नऊ वाजले आणि दादा आला नाही, तर बाबांचा धीर सुटेल. मी गुपचूप स्टुलावर चढून घड्याळाचा सेल काढला. "घाल परत," बाबा पुटपुटले. "चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. मलाच चकवतेस? इतक्या लांबून तीन तासांत कोण येतं? संध्याकाळी येतोय तो. आईला बोलू नकोस. थांबतो मी."