मृदंगाची कणीक

प्रेमलता उसळीचं पातेलं घेऊन सुभद्राकाकीच्या अंगणात आली, तेव्हा आत भजनाला रंग चढला होता. मृदंग तिचा नवरा सहदेव वाजवत होता. त्याची थाप रस्त्यापर्यंत ऐकू येत होती, आणि तीच ऐकत ती तरातरा चालत आली होती.

गणपतीचा चौथा दिवस. दिवेलागण नुकतीच झालेली. उद्या विसर्जन. सावंतवाडीच्या त्या आळीत चौदा घरं होती. भजनाची मंडळी एकेक घर घेत जायची, गणपतीपुढे दोन अभंग आणि एक गजर म्हणायची, त्या घरची उसळ खायची, चहा प्यायची आणि पुढे सरकायची. तेरा घरं झाली होती. काही घरांत तर मंडळी दोनदा जाऊन आली. राहिलं होतं ते फक्त सहदेवचं घर, आणि त्यातला गणपती.

सहदेवला कचेरीत कारकुनी लागली म्हणून ती दोघं आषाढात तोंडवलीहून इथे आली. तेवढ्या दिवसांत आळीने त्यांना एकच गोष्ट विचारली, आडनाव. ते कळल्यावर आणखी काही विचारायची कुणाला गरज वाटली नाही. प्रेमलता विहिरीवर गेली की तिथलं बोलणं थांबायचं. पण आळीचा मृदंगवाला यंदा मुंबईहून आला नाही, आणि चतुर्थीला सकाळीच भजनाचा म्होरक्या गुरुदास स्वतः त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. सहदेवला त्याने 'भाऊ' म्हटलं. झालं, आपल्याला माणसं मिळाली, असं प्रेमलताला वाटलं. त्याच दिवशी तिने वीस माणसांचे काळे वाटाणे भिजत घातले. त्या एका शब्दावर आपण भाळलो, याचा तिला आता स्वतःचाच संताप येत होता.

तीन संध्याकाळी उसळ झाली. तिन्ही संध्याकाळी ती दोघांनी खाल्ली आणि उरलेली गाईला घातली.

"उशीर झालो म्हणान रवले. माणसां बरी आसत गो," सहदेव रोज सांगायचा.

"उशीर आमच्याच घराक बरो होता," ती म्हणायची.

आज ती वाट बघत बसली नाही. पातेलं उचललं आणि निघाली.

सुभद्राकाकीने तिला पडवीतच अडवलं. "ह्या काय हाडलंस?"

"उसळ. मंडळेक आमच्याकडे येवक गावना नाय, म्हणान मीच हाडलंय."

काकीने आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. आवाज अगदी मायेचा. "आत नको गो. ठेय थंय, तुळशीकडे. तुझ्या सासूच्या डोक्यार अजून माशांची पाटी आसा. आमच्या माणसांक तुमच्या घरचा चलना नाय. मनाक लावन घेव नको."

वर्षभर बांगड्याच्या तिखल्यावर बोटं चाटणारी ही आळी. त्या पाटीतला बांगडा त्यांना चालतो, पण त्या पाटीवालीच्या सुनेने शिजवलेले वाटाणे चालत नाहीत.

प्रेमलताने पातेलं तुळशीजवळ ठेवलं. काकीला हायसं वाटलं. मग प्रेमलता तिला बाजूला सारून सरळ आत गेली, पुरुषांच्या मधून वाट काढत.

अभंग संपला होता, गजर सुरू व्हायचा होता. मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणकेचा ओला थर थापलेला होता. तो नसेल तर मृदंग घुमत नाही. तोंडवलीच्या घरात गव्हाचं पीठ यायचं तेच मुळी मृदंगासाठी. गेले चार दिवस ही कणीक प्रेमलता आपल्या चुलीपाशी मळत होती आणि ओल्या फडक्यात बांधून देत होती.

ती नवऱ्यासमोर बसली आणि नखांनी कणीक खरवडायला लागली.

"वयनी, ह्या काय करतास?" गुरुदास म्हणाला.

"माझ्या घरची आसा. घेवन जातंय." तिचा हात थांबला नाही. "तुमच्या तेराय घरांत गेली, तेराय देवांसमोर. काल तुमीच आपल्या हातान पाणी लावन ती थापलास, आणि त्याच हातान परसाद वाटलास. तेवा चलली?"

तिने शेवटचा कण खरवडून घेतला आणि मूठ मिटली. सहदेव मान खाली घालून उघड्या पडलेल्या कातड्याकडे बघत होता. तिला सगळ्यांत जास्त राग त्याचाच आला. चार दिवस हा त्यांची उसळ खातो आणि घरी येऊन त्यांचीच बाजू घेतो.

गुरुदास हसला. "बरां, रागान नेली तर नेवंदे. काकी, मूठभर कणीक मळा बघू. गजर रवलो हा."

काकी लगबगीने आत गेली. भांड्याचा आवाज झाला. तेवढा वेळ सगळे आपापल्या टाळांकडे बघत राहिले. प्रेमलता दारात उभी होती. निघून जायचं तिच्या मनात होतं, पण पाय निघत नव्हता.

काकीने पितळी ताटलीत कणकेचा गोळा आणून सहदेवसमोर ठेवला. पांढरीशुभ्र, मऊ कणीक. सहदेवने धोतराला हात पुसले. ताटलीकडे बराच वेळ पाहिलं.

"आमका दुसऱ्याच्या घरची चलना नाय," तो म्हणाला, आणि मृदंग खांद्याला लावून उठला.

अंगणात प्रेमलताने तुळशीजवळचं पातेलं उचललं. उसळ अजून गरम होती.