उजवा कौल

गंगारामने गवत कापायच्या नव्या मशीनला लटकवलेलं माहितीचं कार्ड हातभर लांब धरलं, डोळे बारीक केले आणि सोडून दिलं.

"तूच वाच रे. माला अक्षर लागत न्हाय."

संदेशने कार्ड नाकापाशी नेऊन वाचून दाखवलं. वाचताना त्याच्या मनात आलं, काकांची नजर खरंच गेली. मॅनेजर खोटं बोलत नव्हता.

मालगुंडजवळच्या एका रिसॉर्टची साडेतीन एकर हिरवळ दोघं मिळून नऊ वर्षं राखत होते. जुन्या मशीनने मान टाकली, म्हणून सकाळपासून ते रत्नागिरीच्या दुकानात उभे होते. पर्याय दोन होते. एक तर बसून चालवायचं मोठं मशीन घ्यायचं, नाहीतर तेवढ्याच पैशांत मागून चालत चालवायची दोन घ्यायची.

"बसायचं घ्या," दुकानदार म्हणाला. "एकच माणूस पुरतो."

संदेशने कार्ड परत मशीनला लटकवलं.

गेल्या आठवड्यात मॅनेजरने संदेशला बाजूला घेतलं होतं. दिवाळीपासून मशीनचं पातं लागून हिरवळीतले पाण्याचे सात फवारे फुटले होते. मशीनच्या आवाजात फवारा फुटलेला कळत नाही. संध्याकाळी पाणी सोडलं की कळतं, आणि तोवर मशीन दोघांनी आळीपाळीने फिरवलेलं असतं. "म्हातारा स्वतःच म्हणाला, माझ्या हातून होतं," मॅनेजर म्हणाला. "महिन्याभराने तो मशीनवर दिसला, तर काम दुसऱ्याला देणार."

संदेशचं घर त्या हिरवळीवर चालायचं. मुलगी सानवी यंदाच शाळेत जायला लागली होती. हे सगळं काकांना सरळ सांगायला हवं होतं. पण नात्याचा नसताना ज्याने बापासारखं काम शिकवलं, त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"काका, देवाला विचारूया का?" तो म्हणाला.

गंगारामने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "विचारूया की."

विचारणं साधं होतं, आणि संदेशला तेच हवं होतं. गंगाराम गवताला मशीन लावायच्या आधी जमिनीला हात लावून नमस्कार करणारा माणूस. देवाच्या शब्दाबाहेर तो जायचा नाही. मोठं मशीन आलं तर आपणहून बाजूला होईल, आणि दोन आली तर पुढचं पुढे.

दुसऱ्या दिवशी देवळात कौल घ्यायला सदू गुरवाने फुलांचे दोन कळे ओले करून देवाच्या दोन बाजूंना चिकटवले आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारला. उजवा कळा आधी पडला तर बसायचं मशीन, डावा आधी पडला तर मागून चालायची दोन.

संदेश खांबापाशी उभा होता. गाभाऱ्यात धूर भरला होता, त्याला नुसती समई लुकलुकताना दिसत होती. गंगाराम शेजारीच हात जोडून उभा होता.

"पडला," गंगाराम म्हणाला.

"कुठचा?"

"उजवा."

सदूने वळून गंगारामकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याने समईची वात सारखी केली.

"चला, सुटलो मी," पायऱ्या उतरताना गंगाराम म्हणाला. "आता गुडघे पन दुखतत. तू बस आरामात."

देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून आपण काकांना घालवलं, हे संदेशच्या मनाला त्या पायरीवरच लागलं.

मशीन चांगलं निघालं. दोन दिवसांचं काम एका दिवसात व्हायला लागलं. गंगाराम मात्र यायचा थांबला नाही. रोज सकाळी एसटीने यायचा, प्रत्येक फवाऱ्याशेजारी काठी रोवायचा, काठीला टॉवेलाएवढं लाल फडकं बांधायचा आणि सुरूच्या झाडाखाली बसून राहायचा.

"कशाला त्रास घेता, काका?"

"सवय जात न्हाय रे."

संदेश फडकी चुकवून मशीन फिरवायचा. झाडाखालच्या त्या माणसाकडे बघायचं तो टाळायचा. दोन महिन्यांनी मॅनेजरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, एकसुद्धा फवारा फुटला नाही. मी सांगत होतो ना?" त्या दिवशी संदेशने डबा तसाच घरी परत नेला. माणूस कामातून काढला तो काढला, त्याच्या डोळ्यांना काय झालंय हेही आपण विचारलं नाही.

शेवटी त्याने गंगारामला रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मोतीबिंदू असला तर ऑपरेशन करून द्यायचं, तेवढंच जरा पाप फिटेल, असं त्याने ठरवलं होतं.

गंगाराम स्टुलावर बसला. समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं तो वरून वाचत गेला. न अडखळता शेवटची, मुंगीएवढी ओळही त्याने वाचली.

"लांबची नजर उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "जवळचं वाचायला चाळिशी लागेल, एवढंच." मग त्या संदेशकडे वळल्या. "आता तुम्ही बसा."

"मी? मला काय झालंय?"

"आत येताना खुर्चीला धडकलात. बसा."

संदेश बसला. वरचं मोठं अक्षर त्याने वाचलं.

"दुसरी ओळ?"

"कुठे आहे दुसरी ओळ?"

काचा शोधायला बाई आतल्या खोलीत गेल्या. संदेशच्या डोळ्यांपुढे हिरवळीवरची ती लाल फडकी आली.

"काका, ते फवारे माझ्या हातून..."

"तुजे डोळे अधू झालेत, हे सायबाला कळलं असतं तर त्याने तुला ठेवला असता?" गंगाराम हळूच म्हणाला. "तुज्या घरात सानवी हाय. माज्या घरात कोन हाय?"

संदेशने चाचरत विचारलं, "पण देवाने तरी उजवाच दिला होता ना?"

गंगारामने मान खाली घातली.

"डावा पडला व्हता रे."