गो डाउनचे सहा अर्थ

"उशीर झालाय काका, मागच्या बाकावर बसा," फळ्याकडची मान न वळवता बाई म्हणाल्या.

दारातला माणूस काहीतरी बोलायला गेला. पण बाईंचा खडू थांबेना, तेव्हा तो मुकाट्याने आत येऊन बसला. साठीला टेकलेला, शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली, रेक्झिनची पिशवी छातीशी धरलेली.

बाईंचा इंग्रजीचा वर्ग त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत भरायचा. परदेशी निघालेली एक नर्स, हॉटेलातला एक आचारी, नोकरीच्या शोधातल्या तीन-चार मुली. नवरा गेल्यावर बाईंनी वर्ग सुरू केला आणि मुलगा कमावता झाल्यावरही बंद केला नाही. रिकामं घर खायला उठतं, म्हणायच्या. मुलगा लांब होता. त्याचा फोन महिन्यातून एकदा, तोही लागला तर.

त्या सोमवारी फ्रेझल व्हर्ब चालू होते. साधं क्रियापद घ्यायचं, त्याला एक शेपूट जोडायचं, की ते ओळखू येत नाही, असं बाई समजावत होत्या.

"आणि शेपूट तेच असलं तरी अर्थ बदलत राहतो. आता 'गो डाउन' घ्या."

"माल ठेवतात ते?" आचाऱ्याने विचारलं.

वर्ग हसला. नवे काका हसले नाहीत.

बाईंनी अर्थ लिहिले. जिना उतरणं. सूर्य मावळणं. भाव पडणं. सूज ओसरणं. कॉम्प्युटर बंद पडणं. सहावा, जहाज बुडणं, त्यांनी नुसता तोंडाने सांगितला आणि लगेच फळा पुसायला घेतला.

वर्ग सुटल्यावर काका रेंगाळले. काय करता, असं बाईंनी विचारलं. कचेरीत शिपाई आहे, इकडचे कागद तिकडे पोचवतो, म्हणाले. या वयात इंग्रजी कशाला, हे बाईंनी विचारलं नाही. इथे येणाऱ्या प्रत्येकाची काहीतरी नड असते, एवढं त्यांना ठाऊक होतं. उद्या वेळेवर या, म्हणाल्या. काकांनी तोंड उघडलं, मिटलं आणि मान हलवली.

मग ते रोज येऊ लागले. बाईंनी त्यांना एक कोरी वही दिली. तिच्यात ते फारसं लिहीत नसत, बाईंकडे बघत बसत. बाई शिकवताना नकला करायच्या, स्वतःच हसायच्या. काका तेवढ्यापुरती मान खाली घालायचे.

वर्ग सुटला की त्यांचा प्रश्न एकच. 'गो डाउन' माणसाला लावलं तर काय होतं?

तापाबिपाने माणूस अंथरूण धरतो, असाही एक अर्थ निघतो, असं बाईंनी बुधवारी सांगितलं. काकांचा चेहरा एकदम उजळला. पण गुरुवारी तेच म्हणाले, वाक्यात तो अर्थ बसत नाही. घरी जाऊन चारदा लावून बघितला.

बाईंचं लक्ष त्यांनी छातीशी धरलेल्या पिशवीकडे गेलं. पिशवीत पत्र होतं तर. त्या नर्सला म्हणाल्या, काकांच्या घरी काहीतरी विपरीत घडलंय गं, बिचारे दुसरा अर्थ शोधत फिरताहेत.

शुक्रवारी त्यांनी वर्ग लवकर सोडला आणि काकांना थांबवून घेतलं. चहा केला. काकांनी कपाला हात लावला नाही.

"पत्र कुणाबद्दल आहे, काका?"

"एका मुलाबद्दल," ते म्हणाले. "कामावर गेला होता. तिकडेच राहिला. आईला सांगायचंय."

आई म्हणजे यांची बायको, बाईंनी ताडलं. माझा मुलगा म्हणायलाही जीभ रेटत नसेल.

"पत्र येऊन किती दिवस झाले?"

"पाच."

"आणि पाच दिवस तुम्ही तिच्यासमोर गप्प बसता?"

"रोज ठरवून जातो," काका म्हणाले. "ती कामात असते. हसत असते. वाटतं, आजचा दिवस असू दे तिला."

बाईंनी स्वतःचा कप बाजूला सारला. मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर मुलालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला परगावी अपघात झाला तेव्हा गल्लीभर बातमी पोचली होती, त्यांना सोडून. कुणाचाच धीर झाला नाही. त्या दोन दिवसांत त्यांनी पडद्यांचं कापड आणलं, दुकानदाराची थट्टा केली, गाणी म्हणत घर झाडलं.

"लोकांना वाटलं, दोन दिवस सुखाचे दिले," बाई म्हणाल्या. "ते हसणं मला अजून टोचतं. तिच्या वाट्याला असले दिवस देऊ नका, काका."

"मग सांगू कसं?"

"अर्थ शोधत बसू नका. तिला समोर बसवा. पाणी जवळ ठेवा. आणि तुझा मुलगा गेला, असं सरळ सांगून टाका."

काका मान खाली घालून ऐकत होते. बाई कप उचलायला उठल्या, तसे तेही उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या माठातून त्यांनी पेलाभर पाणी भरून आणलं आणि टेबलावर, बाईंच्या हाताशी ठेवलं.

"बसा, बाई."

"मला कशाला?" बाई हसल्या.

"मी शिकायला आलोच नव्हतो," काका म्हणाले. "सोमवारी तुमच्या मुलाच्या जहाजाच्या कचेरीतून पत्र घेऊन आलो होतो."