शिमग्यापर्यंतचे व्याही

वडिलांची कवळी पुन्हा सासऱ्यांच्या पेल्यात होती.

रुचिकाने ती दोन बोटांनी उचलली, पाणी मोरीत ओतलं आणि पेला राखेने घासला. मग पुन्हा घासला. कवळीच्या फटीत सुक्या बोंबलाचा तुकडा अडकला होता. तिने तोंड फिरवून तो काडीने काढला. स्वतःच्या बापाची किळस यावी, याची तिला आणखी किळस आली.

ओट्यावर वडिलांची मशेरी लावून झाली होती, कारण खाकरणं सुरू झालं. खाकरणं. थुंकणं. जरा थांबून परत खाकरणं.

"व्याही, तुमच्या आवाजानं दर्यातलं मासं मरत्याल," सासऱ्यांचा, धर्माजींचा, आवाज आला.

"मंग येचायला जावा," मोरूशेठ म्हणाले. "जाळं नको, काय नको."

मोरूशेठ दिवाळीत फराळाचा डबा घेऊन लेकीकडे आले आणि इथेच आडवे झाले. उभा जन्म न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रेलरच्या धुरळ्यात गेलेला. छातीत साठलेलं सगळं एकदम वर आलं. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, थंडी संपेपर्यंत तिकडची हवा नको. समुद्राजवळ ठेवा. शिमग्याला बघू.

मुलीच्या सासरी बापाने मुक्काम ठोकणं रीतीत बसत नव्हतं. डॉक्टरांचा हुकूम म्हणून मोरूशेठ राहिले. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे काही त्यांनी सोडलं नाही. भाच्याच्या टेम्पोतून गावाकडचे पाण्याचे कॅन येत, तांदूळही येत. कॅन खाटेखाली. तळाला हिरवट बुळबुळीत थर. तेच पाणी ते घटाघटा पीत आणि वर 'वा' म्हणत.

सगळ्यालाच वा. ओट्यावर उन्हाचा चौकोन आला की वा. अंघोळीच्या पाण्याला धुराचा वास लागला की वा. भाकरीच्या पापुद्र्याने बोटाला चटका दिला तरी वा. थंडी अशीच काढायची पोरी, म्हणत, घरातल्या घरात सुख वेचत.

धर्माजी वेचत होते ती घाण. व्याह्यांच्या बामाचा वास. व्याह्यांच्या लुंगीचा वास. व्याही जेवताना माशाचं डोकं चोखतात तो आवाज. सासूबाई गेल्यापासून धर्माजी घरात मीठ मागण्याइतकंही बोलत नसत. आता बोलत, पण बोलत ते हेच.

पौषात मोरूशेठनी परसात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी. मडकं उलटं घालून भोवती आग.

"ह्यो पाला आमच्याकडं गुरं बी खात न्हाय," धर्माजींनी नाकाला पंचा लावला.

सकाळी रुचिकाने मडकं पाहिलं तर रिकामं. भोवती चोखून टाकलेल्या सालींचा ढीग, त्यावर माश्या. दोघांनी काळे हात भिंतीला पुसले होते.

ती भिंत तिनेच घासली.

संक्रांतीला डॉक्टरांना दाखवायला धर्माजीच व्याह्यांना रिक्षात घालून घेऊन गेले. तिचा नवरा प्रणय मांडव्याच्या बोटीवर कामाला. त्याला सुट्टी नव्हती. परत आल्यावर धर्माजींनी पायसुद्धा न धुता सांगितलं, शिमग्यापर्यंत हितंच हाय हे. आणि कुजकी मासळी हुंगल्यासारखं तोंड केलं.

रुचिकाचं सुख एवढंसंच होतं. मागच्या दारी टोपली पालथी घालून बसायचं, चहा घ्यायचा. तिथून एकही म्हातारा दिसत नसे. पण तिथेही धर्माजी रोज येऊन उभे राहत.

"कवा जायचा ह्यो?"

"शिमग्याला, मामा."

हाच प्रश्न एक दिवस ते बाबांच्या तोंडावर विचारतील, या भीतीने तिचा चहा गार होई. बाबा मानी. त्यांनी ऐकलं की अर्ध्या ताटावरून उठतील, तसल्याच छातीने धुरळ्यात जाऊन पडतील, आणि या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचे नाहीत.

एका दुपारी कवळी परत पेल्यात. या वेळी ती धर्माजींच्या हाती लागली.

पेला अंगणात जाऊन आपटला. वाळत घातलेल्या बोंबलांखाली गडगडत गेला. मोरूशेठनी शांतपणे कवळी धुतली, बसवली आणि दात वाजवून दाखवले. धर्माजी तरातरा स्वयंपाकघरात आले.

"सूनबाई, खरं सांग. कवा जायचा ह्यो?"

"शिमग्याला."

"नक्की?"

त्या 'नक्की'ने तिचा धीर सुटला.

दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त करून तिने अलिबाग गाठलं. डॉक्टरांसमोर बसली तेव्हा साडीला बोंबलाचा वास येतोय, हे तिला जाणवलं, आणि ती खुर्ची मागे सरकवून बोलली. बाबांचा खोकला तसा कमी आहे. शिमग्याआधी त्यांना घरी सोडता येईल का? घरी आता जमत नाही. सासऱ्यांना त्यांची फार किळस येते. दोष त्यांचाही नाही. मलाच येते, तर त्यांना का येऊ नये?

शेवटचं वाक्य बोलताना तिला रडू आलं.

डॉक्टर गोंधळले. म्हणाले, त्यांची छाती संक्रांतीलाच साफ होती. घरी जाऊ देत, असं मी तेव्हाच सांगितलं.

"बाबांना?"

बाबा बाहेर शर्टाची बटणं लावत होते, डॉक्टर म्हणाले. आत फक्त तुमचे सासरे होते.

"मग मामा काय म्हणाले?"

"म्हणाले, 'त्याला सांगू नका, डॉक्टर. बरा झालाय कळलं तर ह्यो जाईल.'"