वळायची खूण

वरवटच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मंजुश्रीला दिसत नाही. पोहण्याच्या तलावात भिंत जवळ आली की तिची आई जनकाबाई काठावरून लांब काठीच्या टोकाचा चेंडू तिच्या पाठीवर टेकवायची, नेहमी दोनदा, आणि मग पोर वळायची. जनकाबाई गेली, तशी काठी पोरीच्या बापाच्या, कचरूच्या हाती आली. तो एकदाच टेकवायचा. पहिल्याच आठवड्यात त्याला उशीर झाला आणि पोरीच्या कपाळाला सहा टाके पडले.

राज्य स्पर्धेला पाण्यात उतरताना ती हसून म्हणाली, "बाबा, ध्यान ठेवजा बरं. कपाळावर आता टाक्याले जागा नाही."

चेंडूवर जनकाबाईने आपल्या साडीचा तुकडा शिवला होता. ऐन शर्यतीत त्यावर नजर गेली आणि कचरूचे डोळे भरून आले. पुसून पाहतो तर पोर भिंतीशी पोचलेली, काठी अजून त्याच्या खांद्यावरच. त्याने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा ती सफाईने वळून परत निघाली होती.

गळ्यात पदक पडल्यावर तिने बापाचा हात चाचपून धरला.


"बाबा, तुम्ही तं एकदाच टेकवता. आज मायसारखं दोनदा काऊन टेकवलं?"