टर्बो निवेपर्यंत

घाटातल्या चढावर गाडी आपण होऊन थांबली, तोच पहिला दगड टपावर आदळला. मागच्या सीटवर प्लास्टरमधला पाय लांब करून बसलेली कावेरी किंचाळली, "बाबा, दरड येतीय!"

"इंजिनाचं तेल काळं पडलंय, त्यामुळे टर्बो तापलाय," गाडी शांतपणे म्हणाली. "पाच मिनिटं जागेवरच निवू दे."

स्टिअरिंगवर बसलेल्या बाबासो मिस्त्रींनी पुन्हा स्टार्टर मारून पाहिला. गावभरच्या गाड्यांचं तेल वेळेवर बदलणाऱ्या या माणसाने स्वतःच्या गाडीला आठ महिने हात लावला नव्हता. त्यात कावेरीला उचलून पळणं या वयात त्यांना झेपणारं नव्हतं.

"जळू दे टर्बो! समोरच्या बोगद्यात तरी ने!"

"नाही."

"अगं, मी मालक आहे तुझा!"

"मिस्त्री, गॅरेजमध्ये तुम्हीच आम्हा सगळ्या गाड्यांना बजावलंय," गाडी आदबीने म्हणाली. "मालक ओरडेल, रडेल, हातापाया पडेल. त्याचं ऐकायचं नाही, आधी इंजिन जपायचं."

बाबासोंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात जोडले. वर डोंगर गडगडला.

"अजून चार मिनिटं," गाडी म्हणाली.